"सगळे याच टेबलावर बसतात, तुम्हालाच काय होतं?"

प्रश्न: मी एका कंपनीत हिशेब विभागात काम करते. दिवसाचे सात-आठ तास कॉम्प्युटरसमोर जातात. शेजारी बिलांचा गठ्ठा आणि दिवसभर आकडे टाकणं. माझी उंची पाच फूट आहे. खुर्ची खाली घेतली तर टेबल छातीशी येतं आणि वर घेतली तर पाय लोंबकळतात. चार महिन्यांपासून मान आणि उजवा खांदा दुखतोय, संध्याकाळी कोपरापासून मनगटापर्यंत ठणकतं. सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं. मला प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे, म्हणजे एकाच काचेत दूरचा, मधला आणि जवळचा नंबर. "स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत हवी" म्हणून एका सहकाऱ्याने मॉनिटरखाली खोका ठेवून दिला, तेव्हापासून मान जास्तच आखडते. साहेबांच्या कानावर घातलं तर म्हणाले, "सगळे याच टेबलावर बसतात, तुम्हालाच काय होतं?" पुन्हा विषय काढला तर तक्रारखोर ठरेन अशी भीती वाटते. स्वतःच्या पैशाने चांगली खुर्ची आणू का?

उत्तर: तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य खुर्ची आणि पायांबद्दलचं आहे. खाली घेतली तर टेबल छातीशी, वर घेतली तर पाय अधांतरी. यात तुमच्या बसण्याच्या सवयीचा दोष नाही, आणि बहुधा खुर्चीचाही नाही. टेबल तुमच्या मापापेक्षा उंच आहे. कितीही भारी खुर्ची आणली तरी टेबल तेवढंच उंच राहणार आणि खांदा दुखायचा थांबणार नाही. म्हणून "चांगली खुर्ची द्या" ही मागणी तूर्त बाजूला ठेवा. आधी मोजा, मग मागा. साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर मोजपट्टीकडे आहे, आणि ते आकड्यांत दिलं की मागणीला तक्रारीचा वास राहत नाही.

मोजायला कपड्यांचं माप घ्यायचा साधा टेप पुरतो, पण टेप दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगा. ऑफिसात रोज घालता तीच चप्पल किंवा बूट पायात असू द्या. खुर्ची इतकी खाली घ्या की दोन्ही तळपाय पूर्ण टेकतील आणि मांड्या साधारण आडव्या राहतील. खुर्ची तेवढी खाली जात नसेल तर मोजण्यापुरतं एखाद्या बुटक्या बाकावर किंवा स्टुलावर बसा. आता जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतचं अंतर घ्या. बैठक या उंचीवर हवी. मग दंड सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत मोजा. इथे एक चूक हमखास होते. माप घेताना माणूस ताठ होतो, खांदे नकळत वर जातात आणि आकडा दोन-तीन सेंटिमीटरने फुगतो. एक श्वास सोडा, खांदे पडू द्या, मग मोजा. पाठोपाठ टेबलाची उंची, जमिनीपासून कीबोर्डच्या मधल्या ओळीपर्यंतची उंची, बैठक कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती उंच होते ते, आणि बैठकीची खोली, म्हणजे पुढच्या कडेपासून पाठीपर्यंतचं अंतर, हे सगळं लिहून घ्या.

तुमच्या उंचीच्या व्यक्तीचे आकडे साधारण कसे येतात ते धरून हिशेब मांडू. गुडघ्याच्या मागची घडी पादत्राणांसह ४१ सें.मी. बैठकीपासून कोपर २२ सें.मी. म्हणजे पाय टेकून, खांदे सैल सोडून बसल्यावर कोपर जमिनीपासून ६३ सें.मी.वर. ऑफिसची तयार टेबलं बहुतेक ७२ ते ७५ सें.मी. उंच असतात. टेबल ७५ चं असेल तर त्यावर कीबोर्डची जाडी धरून बोटं ७७ सें.मी.वर पोचवावी लागतात. फरक १४ सें.मी.! हा फरक शरीर कुठून तरी भरून काढतं. खांदे वर उचलले जातात, कोपरं बाहेर फाकतात, मनगटं वाकतात, आणि तीच अवस्था आठ तास टिकते. खांदा उचलून धरणारा स्नायू मानेपासूनच निघतो, त्यामुळे मान आणि खांदा जोडीने दुखतात. उलट, ७५ सें.मी.चं टेबल सहा फुटांच्या आसपासच्या माणसाला मापात बसतं. सगळे एकाच टेबलावर बसतात हे साहेबांचं म्हणणं खरंच आहे, फक्त ते टेबल सगळ्यांच्या कोपराला येत नाही. तुमच्याइतकी उंची असलेलं आणखी कुणी ऑफिसात असेल तर त्यांचंही माप घेऊन ठेवा. त्यांनाही खांदा दुखतो का ते विचारा, पुढे उपयोगी पडेल.

आता हे १४ सें.मी. कसे मिटवायचे? उत्तम उपाय म्हणजे टेबलच खाली आणणं. सुटं लाकडी टेबल असेल तर पाय कापून घेता येतात. लोखंडी पायांना तळाशी स्क्रूच्या गोट्या असतात, पण त्यातून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या वर काही हाती लागत नाही. एका रांगेत जोडलेली टेबलं असतील तर एकट्याचं खाली करता येत नाही.

दुसरा उपाय खुर्ची वर घेऊन पायाखाली आधार देण्याचा. हा सगळ्यात स्वस्त आणि लगेच होणारा, पण त्यालाही हद्द आहे. सर्वसाधारण ऑफिसच्या खुर्चीची बैठक ५२ सें.मी.च्या आसपास थांबते. तुम्हाला ४१ अधिक १४, म्हणजे ५५ लागेल. तीन सेंटिमीटर तरीही शिल्लक राहतात आणि पायाखाली ११ सें.मी.चा आधार लागतो. शिवाय इतक्या उंचीवर बसून फाइल काढायला सारखं चढ-उतार करायचं म्हणजे आधार हमखास बाजूला सरकवला जातो आणि पाय पुन्हा लोंबकळतात. पाय अधांतरी राहिले की बैठकीची कड मांडीखाली रुतते, पावलं सुजतात आणि माणूस पुढे सरकून बसतो. मग पाठीला टेकाच उरत नाही.

म्हणून तुमच्यासारख्या स्थितीत बहुतेक वेळा तिसरा उपाय निघतो. टेबलाखाली बसवायचा सरकता कीबोर्ड ट्रे आणि जोडीला पायाखाली कमी उंचीचा आधार. ट्रेची वरची बाजू साधारण ६५ सें.मी.वर येते, कीबोर्ड धरून ६७. कोपरापासून आता ४ सें.मी.चाच फरक उरला. खुर्ची ४५ वर घ्या, पायाखाली ४ सें.मी. द्या, झालं. मांड्यांना जागा पुरते का तेही आधी बघा. बसल्यावर मांडीची जाडी मोजून ती बैठकीच्या उंचीत मिळवा. मांडी १४ सें.मी. जाड असेल तर वरची बाजू ५९ वर येते, ट्रेचा तळ ६३-६४ वर. चालतं.

ट्रे मागवताना तीन ठिकाणी घोळ होतो. ट्रे अरुंद येतो, त्यावर फक्त कीबोर्ड मावतो आणि माऊस वर टेबलावरच राहतो. मग उजवा खांदा पूर्वीपेक्षाही जास्त उचलला जातो. आकड्यांच्या पट्टीसकट पूर्ण कीबोर्ड ४४-४५ सें.मी. लांब असतो. माऊसला आणखी किमान २० ते २५ सें.मी. लागतात. म्हणून ६५ ते ७० सें.मी. रुंद ट्रेच मागा. दुसरं, टेबलाखाली आडवी लोखंडी पट्टी किंवा खण असेल तर ट्रेच्या पट्ट्या बसत नाहीत. वाकून टेबलाच्या खालचा फोटो काढून मागणीला जोडा. तिसरं, बाहेर ओढल्यावर ट्रे अडकून पक्का राहायला हवा, टाइप करताना झुलता कामा नये. आणि बसवणाऱ्याला स्क्रू फळीच्या जाडीपेक्षा आखूड वापरायला सांगा, नाहीतर त्यांची टोकं टेबलावर निघतात.

काही मागण्याआधी फुकटात जे होतं ते या आठवड्यातच करून टाका. यामुळे त्रास थोडा कमी होईलच, पण मुख्य म्हणजे "माझ्या हातात होतं ते केलं, उरलं ते हे" असं म्हणता येईल.

मॉनिटरखालचा खोका आजच काढा. "स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत" हा नियम साध्या नजरेच्या किंवा एकाच नंबरच्या चष्म्याच्या माणसासाठी ठीक आहे. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं आणि मधलं अंतर, तर बायफोकलमध्ये जवळचं, काचेच्या खालच्या भागातून दिसतं. स्क्रीन वर गेली की तो भाग तिच्यासमोर आणण्यासाठी हनुवटी वर करून बघावं लागतं आणि मान मागे मुडपते. तुमची मान आखडायचं कारण नेमकं हेच दिसतं. स्क्रीन जितकी खाली घेता येईल तितकी घ्या आणि वरची कड किंचित मागे कलती करा. हनुवटी न उचलता मधली ओळ वाचता आली की उंची बरोबर. अंतर साधारण हात लांब केल्यावर बोटं टेकतील इतकं, ५० ते ७० सें.मी. अक्षर लहान वाटलं तर पुढे झुकू नका, अक्षराचा आकार वाढवा. एवढं करूनही हनुवटी वर जात असेल तर चष्म्याच्या डॉक्टरांना स्क्रीनचं अंतर मोजून सांगा आणि फक्त कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा चष्मा मिळेल का ते विचारा.

बिलांचा गठ्ठा सध्या शेजारी आडवा पडलेला असणार. मान एकदा कागदाकडे वळते, एकदा स्क्रीनकडे, आणि दिवसभरात हे शेकडो वेळा होतं. कागद कीबोर्ड आणि स्क्रीनच्या मधोमध, तिरक्या स्टँडवर आले की मान फक्त थोडी खाली-वर होते. तोपर्यंत जाड बॉक्स फाइल तिच्या कण्यावर तिरकी टेकवून त्यावर बिलं ठेवली तरी भागतं. हिशेबाच्या कामात ही एक गोष्ट मानेला जितका आराम देते तितका नवी खुर्ची क्वचित देते.

कीबोर्डच्या मागचे छोटे पाय मिटवून टाका. ते उभे असले की मनगट वरच्या बाजूला वाकतं आणि कोपरापासून निघणाऱ्या स्नायूंवर सतत ताण राहतो. तुमचं बहुतेक काम आकड्यांचं आहे, म्हणून कीबोर्ड थोडा डावीकडे सरकवा. आकड्यांची पट्टी उजव्या खांद्याच्या बरोबर समोर यायला हवी. आणि माऊस? तो आकड्यांच्या पट्टीच्याही पलीकडे, हात लांब करून धरता ना? उजव्या खांद्याचं दुखणं वाढवणारी ही दुसरी गोष्ट आहे. जमत असेल तर माऊस डाव्या हाताने वापरायला सुरुवात करा. पहिला आठवडा वैताग येतो, मग हात बसतो. नाहीच जमलं तर आकड्यांची पट्टी नसलेला आखूड कीबोर्ड आणि सुटी आकड्यांची पट्टी अशी जोडी मागता येते. काम जसं असेल तशी पट्टी हलवायची आणि माऊस शरीराजवळ ठेवायचा.

खुर्चीच्या हातांकडेही बघा. ते टेबलाच्या कडेला आपटत असतील तर खुर्ची पुढे जाऊ शकत नाही आणि तुम्ही पाठीचा टेका सोडून पुढे वाकून काम करता. हात बोल्टने बसवलेले असतात, ॲलन पान्याने काढता येतात. वस्तू ऑफिसची आहे, तेव्हा देखभाल करणाऱ्या माणसाकडून काढून घ्या आणि जपून ठेवा. खुर्चीची उंची सकाळी आणि दुपारी एकदा मोजून बघा. बसल्या-बसल्या ती खाली उतरत असेल तर बैठक वर-खाली करणारा तिच्या दांड्यातला गॅस सिलिंडर गेला आहे. तेवढाच बदलून मिळतो, पूर्ण खुर्ची बदलावी लागत नाही. बैठकीची खोली जास्त असणं हाही लहान चणीच्या लोकांचा नेहमीचा त्रास. मागे टेकून बसल्यावर बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यात दोन-तीन बोटं जागा हवी. ती नसेल तर टेकताच येत नाही. पाठीमागे कमरेच्या पट्ट्याच्या उंचीवर घट्ट उशी ठेवली की बैठक तेवढी कमी खोल होते.

खिडकी स्क्रीनच्या समोर किंवा मागे नको, कडेला हवी. प्रकाशाबद्दल तुमची तक्रार नाही, म्हणून एवढंच.

पायाखालच्या आधाराची उंची ठरवायला कागदाची रीम वापरा. ८० जीएसएम कागदाची ५०० पानांची न उघडलेली रीम साधारण ५ सें.मी. जाड असते. एक ठेवून बघा, दोन ठेवून बघा. दोन रीम एकमेकींना चिकटपट्टीने बांधा म्हणजे सरकणार नाहीत. दोन-तीन दिवसांत नेमकी किती उंची लागते ते कळतं आणि मागणीत तोच आकडा लिहिता येतो. दोन्ही पावलं पूर्ण मावतील इतका आधार रुंद हवा. टाचा अधांतरी राहणारी अरुंद पट्टी घेऊन काही होत नाही.

आता मागणी. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं, पुढे सरकत नाही, आणि सहा महिन्यांनी "तुम्ही कधी बोललात?" असं ऐकायला मिळतं. म्हणून लेखी द्या, थेट साहेबांना, आणि खरेदी किंवा ॲडमिन बघणाऱ्यांना प्रत. खरेदी त्यांच्याच हातात असते, आणि नेमकी वस्तू कळली नाही की कागद त्यांच्या टेबलावर पडून राहतो. मजकूर असा ठेवता येईल:

"विषय: माझ्या कामाच्या जागेची उंची जुळवून मिळण्याबाबत.
सर, माझ्या जागेची मापं घेतली आहेत. कीबोर्ड जमिनीपासून ७७ सें.मी.वर आहे. पाय टेकून बसल्यावर माझं कोपर ६३ सें.मी.वर येतं. १४ सें.मी.च्या या फरकामुळे खांदे उचलून काम करावं लागतं. चार महिन्यांपासून मान, उजवा खांदा आणि हात दुखतो. सुट्टीत दुखणं कमी होतं, कामावर आल्यावर पुन्हा वाढतं. मॉनिटर, कागद, कीबोर्ड आणि माऊस यांची जागा मी बदलून घेतली आहे. त्याने थोडा फरक पडला, पण उंचीचा प्रश्न सुटलेला नाही. त्यासाठी पुढील वस्तू मिळाव्यात: १) टेबलाखाली बसवायचा सरकता कीबोर्ड ट्रे, रुंदी किमान ६५ सें.मी. (टेबलाच्या खालचा फोटो सोबत). २) पायाखाली ठेवायचा आधार, उंची ४ ते ५ सें.मी., न सरकणारा. ३) कागद ठेवायचा तिरका स्टँड. वस्तू ऑफिसच्याच राहतील. बसवल्यावर दोन आठवडे वापरून काय फरक पडला ते लेखी कळवेन. आपल्या सोयीने या आठवड्यात दहा मिनिटं जागेवर येऊन पाहावं, ही विनंती."

आकडे अर्थात तुमचे घाला. कामावर परिणाम होत असेल, जसं दुपारनंतर नोंदींचा वेग मंदावतो किंवा आकडे पुन्हा तपासावे लागतात, तर तेही एका वाक्यात लिहा, मात्र खरं असेल तरच. रागाचं किंवा आरोपाचं एकही वाक्य नको, आणि पहिल्याच पत्रात कायदाही नको. "दहा मिनिटं जागेवर या" ही ओळ मात्र गाळू नका. कागदावरचे १४ सें.मी. कुणाला फारसे कळत नाहीत. साहेब शेजारी उभे असताना खुर्ची खाली घेऊन पाय टेकवा, हात कीबोर्डवर ठेवा आणि टेप लावून दाखवा. वर गेलेले खांदे त्यांना दिसतील. बहुतेक ठिकाणी गाडी इथेच रुळावर येते, कारण साहेबांचा आकस नसतो, त्यांनी तसं बसून कधी पाहिलेलं नसतं.

तरी आक्षेप येतील, त्यांची तयारी ठेवा. "एकाला दिलं की सगळे मागतील." यावर म्हणा की कसोटी मापाची आहे. ज्यांच्या कोपरात आणि कीबोर्डमध्ये फरक निघेल त्यांनाच लागेल, बाकीच्यांना नाही. मघाशी ज्यांची मापं घेतली त्या सहकाऱ्यांनाही त्रास असेल तर एकत्र पत्र द्या. प्रत्येकाचं माप वेगळ्या ओळीत लिहा. चार जणांचं पत्र असलं की एकट्यावर शिक्का मारता येत नाही. "बजेट नाही" म्हणाले तर यादीतल्या वस्तूंना क्रम लावून द्या. आधी पायाखालचा आधार आणि कागदाचा स्टँड, मग ट्रे. गोदामात पडलेलं बुटकं टेबल किंवा दुसऱ्या विभागातलं उंची बदलणारं टेबल आहे का, तेही विचारा. आणि "बघू" म्हणाले तर? कधीपर्यंत, ते तिथेच विचारा, आणि त्याच दिवशी "आजच्या बोलण्याप्रमाणे अमुक तारखेपर्यंत कळवणार असं ठरलं" एवढी दोन ओळींची मेल पाठवा.

त्या तारखेनंतरही हालचाल नसेल तर एचआर, सुरक्षा समिती, युनियन किंवा कंपनीचे डॉक्टर, यापैकी जे असेल तिथे पहिल्या पत्राची प्रत जोडून जा. कामाची जागा सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, हे तत्त्व बऱ्याच देशांच्या कायद्यात आहे. कॉम्प्युटरच्या कामापुरतं ते सविस्तर लिहिलेलं बघायचं असेल तर युरोपीय समुदायाचा १९९० चा ९०/२७० क्रमांकाचा निर्देश आणि त्यावर आधारलेले ब्रिटनचे १९९२ चे नियम वाचा. स्क्रीनवर काम करणाऱ्याच्या जागेची तपासणी मालकाने करावी, कामात अधूनमधून विराम किंवा बदल असावा, डोळ्यांच्या तपासणीचा भार कामगारावर पडू नये, असं त्यांत आहे. तुमच्या देशात ते लागू नसले तरी नमुना म्हणून पुढे ठेवता येतात. कोणतीही कंपनी त्यातली तपासणीची यादी आपल्याकडे वापरू शकते.

डॉक्टरांची चिठ्ठी उपयोगी पडते, पण ती कशी लिहिली आहे यावर सगळं अवलंबून असतं. "मानदुखी, विश्रांती घ्यावी" एवढ्याने ऑफिसला काहीच करता येत नाही. "कीबोर्ड आणि माऊस कोपराच्या उंचीवर असावेत, पाय टेकलेले असावेत, दर तासाला काही मिनिटं बैठक बदलण्याची मुभा असावी" असं लिहून मागा. आजाराचं नाव ऑफिसला कळवायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. गरज लिहिलेली असली की पुरतं.

डॉक्टरांकडे जाणं लांबवूही नका, ट्रे येईपर्यंत तर नकोच. अंगठा आणि त्याशेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री झोपेतून जाग येत असेल, तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता असते. करंगळी आणि शेजारच्या बोटाला बधिरपणा असेल तर कोपराकडची. टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून बसणाऱ्यांत हे बरंच दिसतं. हातातून वस्तू निसटणं, पकड कमजोर होणं, बधिरपणा दिवसभर न जाणं, यातलं काहीही असेल तर आठवडाभरात दाखवा.

वस्तूंइतकीच वेळापत्रकाबद्दलही बोलणी करा, त्याला तर खर्चही नाही. माप अगदी जुळलं तरी एकाच बैठकीत तीन तास आकडे टाकणं शरीराला सोसत नाही. दोन तासांनी वीस मिनिटांच्या सुट्टीपेक्षा दर तासाला पाच-दहा मिनिटांचा बदल चांगला. हा बदल म्हणजे काम बंद नव्हे. फाइल लावणं, प्रिंट आणणं, उभ्याने फोन करणं, हे सगळं त्यात येतं. ही कामं सध्या दिवसाच्या शेवटी एकदम उरकत असाल तर दिवसभर पसरून घ्या. महिनाअखेरीला हे सगळ्यात आधी सुटतं आणि दुखणंही तेव्हाच उसळतं. म्हणून महिनाअखेरीच्या आठवड्यातही हे विराम राहतील, हे आधीच बोलून घ्या.

पुढेमागे ऑफिसने नव्या खुर्च्या किंवा टेबलं घ्यायचं ठरवलंच, तर नुसतं "एर्गोनॉमिक" (शरीराला सोयीची) हा शब्द लिहून देऊ नका. त्या नावाखाली उंच पाठीची, डोक्याला उशी असलेली आणि न हलणाऱ्या हातांची खुर्ची येते. लहान चणीच्या माणसाला ती जुन्या खुर्चीहूनही गैरसोयीची. त्याऐवजी माप लिहा: बैठक ४१ सें.मी. किंवा त्याहून खाली येणारी, बैठकीची खोली ३८-४० सें.मी.पर्यंत कमी होणारी, कमरेचा आधार वर-खाली होणारा, हात टेबलाखाली जाण्याइतके खाली येणारे किंवा काढता येणारे. उभं राहून आणि बसून काम करता येणाऱ्या टेबलाची गोष्ट निघाली तर त्याची कमीत कमी उंची विचारा. त्याचे पाय एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे असतात. दोन टप्प्यांच्या, म्हणजे दोन नळ्यांच्या पायांची बरीच टेबलं ७० सें.मी.च्या खाली येतच नाहीत. त्यांवर तुम्ही उभ्याने मजेत काम कराल, पण बसल्यावर पुन्हा तोच त्रास. तीन टप्प्यांच्या पायांची ६० ते ६५ पर्यंत येतात. तुम्हाला तीच लागतील.

ट्रे बसला की पहिल्याच दिवशी पुन्हा टेप घ्या. कोपर आणि कीबोर्ड एका उंचीवर आले का, माऊस ट्रेवरच आहे का, पाय पूर्ण टेकतात का, ते बघा. दोन-तीन दिवस पाठ किंवा मांड्या वेगळ्याच ठिकाणी अवघडतील, कारण आता तुम्ही टेकून बसायला लागलेल्या असाल. चार महिन्यांचं दुखणं दोन दिवसांत जाणार नाही, पण दोन आठवड्यांत संध्याकाळचं ठणकणं कमी व्हायला हवं. तसं झालं तर ऑफिसला कळवा. नाही झालं तरी कळवा आणि डॉक्टरांकडे जा.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, स्वतःच्या पैशाने खुर्ची आणू का? आत्ता नको. टेबल उंच असेपर्यंत तिचा उपयोग नाही. शिवाय एकदा स्वतः खर्च केलात की हा प्रश्न तुमचा खासगी झाला असं ऑफिस धरून चालतं. खुर्ची बिघडली, कुणी दुसऱ्याने नेली किंवा जागा बदलली, तर निस्तरायचं तुम्हीच. दुखणं सहन होत नसेल आणि मंजुरी रेंगाळली असेल तर पायाखालचा आधार आणि कागदाचा स्टँड एवढंच आणा. आणण्याआधी साहेबांना मेल करा, "तात्पुरतं मी आणते आहे, ऑफिसची वस्तू आल्यावर घरी नेईन," आणि पावती जपून ठेवा. खर्च परत मिळण्याची सोय असेल तर तीच पावती लागेल, आणि नोकरी किंवा विभाग बदलला तर वस्तू तुमची आहे हे दाखवायलाही.